मूसारामचा मिसरी स्तंभ

खर्ड्याची लढाई आपण विजयाची लढाई म्हणून शिकतो. ११ मार्च १७९५ रोजी पेशवा, शिंदे, होळकर, भोसले आणि पटवर्धन अशी सगळी मराठी सत्ता एका निशाणाखाली लढली आणि निजाम अली खानास तिने खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडले. असे पुन्हा कधी घडले नाही. त्यामुळे नाना फडणविसांच्या मुत्सद्देगिरीचे शिखर म्हणून, आणि लगेच पुढे येणाऱ्या ऱ्हासाची सीमारेषा म्हणून, या लढाईचे वर्णन होत असते. शाळेच्या पुस्तकात तिला दोन-चार ओळी मिळतात, आणि त्या ओळींत 'आपण' कोण आणि 'ते' कोण हे पक्के ठरलेले असते.

आम्ही मराठवाड्याच्या पूर्व टोकाची माणसे. धर्माबादच्या पुढे गोदावरीकाठी बासरची सरस्वती लागते आणि रेल्वेच्या डब्यातली बोली बदलते. खर्ड्याच्या लढाईच्या दिवशी आमचा मुलूख निजामाकडे होता. तहात परिंड्यापासून तापीपर्यंतचा पट्टा आणि दौलताबादचा किल्ला पेशव्यांना द्यायचे ठरले, त्यातही तो आला नाही. तो निजामाकडेच राहिला, तो थेट १९४८ पर्यंत. तेव्हा खर्ड्याच्या विजयाचा अभिमान बाळगताना आमची जीभ थोडी अडखळावी, हे स्वाभाविक आहे. या अडखळण्याचे निमित्त करून आम्ही त्या लढाईतल्या पराभूत पक्षाच्या एका सेनानीविषयी, आणि त्याहून अधिक त्याच्या कबरीविषयी, चार शब्द लिहू इच्छितो. कारण ती कबर दख्खनेतल्या इतर कोणत्याही कबरीसारखी दिसत नाही. तिचा आकार आला आहे प्राचीन मिसर देशातून.

मिशेल जोआकिम मारी रेमाँ हे त्याचे नाव. हैदराबादेत त्यास रेमंड म्हणतात. जन्म १७५५, फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात. विशीत तो व्यापाराच्या निमित्ताने पाँडिचेरीस आला आणि त्या काळच्या अनेक फ्रेंच तरुणांप्रमाणे व्यापार सोडून शिपाई झाला. म्हैसूरच्या चाकरीतल्या फ्रेंच तुकडीत आणि पुढे बुसीच्या हाताखाली तो घडला. १७८६ च्या सुमारास त्याने निजाम अली खानाची नोकरी धरली. हैदराबादेत 'गनफाउंड्री' नावाचा जो भाग आहे, तिथला तोफा ओतण्याचा कारखाना त्याचाच. दहा वर्षांत त्याने कवायती पलटणींची अशी फौज उभी केली, की तिचा धसका पुण्यास होता, आणि पुण्याहून अधिक तो कलकत्त्यास होता. दरबाराने त्यास किताब दिले, जहागीर दिली आणि उमरावांच्या पंक्तीत बसवले.

खर्ड्यास मराठ्यांकडून शिंद्यांच्या पलटणी पेराँ चालवत होता आणि निजामाकडून रेमाँ. म्हणजे मराठे आणि मोगल यांच्या या लढाईत दोन्हीकडच्या कवायती फौजांचे मोहरे फ्रेंच होते. रेमाँच्या पलटणी मैदानातून उधळल्या गेल्या नाहीत. निजाम स्वतः घाबरून रात्री मागे सरला, तेव्हा त्याच्या हुकुमाने त्याही मागे आल्या. ज्या किल्ल्यात निजामाने आसरा घेतला तो खर्ड्याचा किल्ला निंबाळकरांचा. निजामाच्या पदरी असलेल्या या मराठा घराण्यानेच तो बांधलेला होता. शाळेच्या पुस्तकातल्या 'आपण' आणि 'ते' यांची अडचण इथूनच सुरू होते.

त्याच वर्षी निजामाचा पुत्र अलीजाह याने बंड केले. रेमाँने त्याचा पाठलाग करून ते मोडले आणि खर्ड्याने गेलेली पत परत मिळवली. मग २५ मार्च १७९८ रोजी तो हैदराबादेत वारला. वय त्रेचाळिसाच्या आत. विषप्रयोग झाल्याची वदंता उठली आणि आजही सांगितली जाते. सात महिन्यांनी, २२ ऑक्टोबर १७९८ रोजी, कंपनीच्या फौजेने वेढा घालून त्याच्या चौदा हजारांच्या पलटणीकडून हत्यारे खाली ठेवून घेतली. हैदराबादेतली फ्रेंच सत्ता एका दिवसात संपली आणि तैनाती फौजेचा काळ सुरू झाला. राहिली ती कबर.

ही कबर शहराच्या पूर्वेस, मूसी नदीच्या दक्षिणेला, मलकपेटच्या पलीकडे एका उंचवट्यावर आहे. प्रशस्त जोत्यावर काळ्या ग्रॅनाइटचा सुमारे सात मीटर उंचीचा, चार बाजूंचा, वर निमुळता होत जाणारा स्तंभ उभा आहे. त्यावर 'जे' आणि 'आर' ही दोन रोमन अक्षरे गुंफलेली आहेत. याखेरीज ना नाव, ना तारीख, ना क्रूस, ना बायबलातले वचन. शेजारी सपाट छताचा, ग्रीक देवळाची आठवण देणारा खांबांचा मंडप आहे. हा मंडप २००१ साली कोसळला आणि नंतर पुन्हा बांधण्यात आला. हैदराबादेत कबरींची वाण नाही. कुतुबशाही घुमटांची अख्खी रांग आहे. पण घुमट नाही, कमान नाही, मिनार नाही, जाळी नाही, अशी ही एकच. प्रथम पाहणाऱ्यास तो स्तंभ कोणीतरी दुसऱ्याच शहरासाठी घडवला आणि चुकून इथे उतरवला, असे वाटावे.

या आकारास युरोपात 'ओबेलिस्क' म्हणतात. शब्द ग्रीकांचा, आणि काहीसा टिंगलीचा. त्याचा अर्थ भाजण्याची लहान सळई. मिसरी लोकांच्या लेखी मात्र तो सूर्याचा स्तंभ होता. एकाच अखंड ग्रॅनाइटच्या शिळेतून तो काढायचा, मंदिराच्या दारापुढे जोडीने उभा करायचा आणि त्याचे टोक सोन्यारुप्याच्या पत्र्याने मढवायचे, म्हणजे पहाटेचा पहिला किरण तिथे झळकेल, अशी ती योजना. अस्वानच्या खाणीत एक अर्धवट कोरलेला ओबेलिस्क अजून पडून आहे. तो पुरा झाला असता तर बेचाळीस मीटरच्या आसपास भरला असता, पण काम चालू असतानाच शिळेस भेग गेली आणि कारागीर तो तसाच सोडून गेले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की मिसरातल्या थोर ओबेलिस्कांची जागा देवळाच्या दारात होती. मृत राजासाठी पिरॅमिड होता आणि पुढच्या काळात डोंगरात खोदलेली दालने होती. ओबेलिस्क हा मुख्यतः उगवतीचा दगड. तो मावळतीचा कसा झाला?

त्याचे उत्तर रोमने दिले. ऑगस्टसने मिसर जिंकला आणि इ. स. पू. १० मध्ये हेलिओपोलिसचे दोन ओबेलिस्क जहाजाने रोमला आणले. मागून आलेल्या बादशहांनी तोच कित्ता गिरवला. त्याच काळात गाइयस सेस्टियस नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याने स्वतःसाठी चक्क पिरॅमिडच्या आकाराची कबर बांधवून घेतली. ती छत्तीस मीटर उंच आहे, आणि मृत्युपत्राप्रमाणे ती ३३० दिवसांत पुरी झाल्याचे तिच्यावरच कोरले आहे. रोमच्या तटाजवळ ती आजही उभी आहे. पुढे युरोपातल्या शिल्पकारांना मिसर प्रत्यक्ष दिसत नव्हता, दिसत होता तो सेस्टियसचा पिरॅमिड. तो खऱ्या मिसरी पिरॅमिडांच्या मानाने फार उभट आहे. त्यामुळे पिरॅमिड आणि ओबेलिस्क या दोन निराळ्या वस्तू त्यांच्या मनात एकमेकींत मिसळल्या. पिरॅमिड कबरीचा, म्हणून ओबेलिस्कही कबरीचा, असा हा गैरसमजातून जन्मलेला संकेत. तो पुढे इतका रुळला, की त्याच्या मुळाशी चूक आहे हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

या संकेताला घराण्यांनी उचलून धरले. रोममधल्या सांता मारिया देल पोपोलो या चर्चमध्ये चिगी नावाच्या सावकार घराण्याचे खासगी प्रार्थनादालन आहे. राफाएलच्या आराखड्यानुसार तिथे भिंतीला टेकून उभट पिरॅमिडच्या आकाराच्या कबरी केल्या गेल्या. १५२० साली वारलेला आगोस्तिनो चिगी हा त्या काळचा मोठा धनिक. नव्या पैशाला जुन्या वंशाचा आव आणायचा असेल तर मिसरइतके जुने काय सापडणार? इंग्लंडात ब्लिकलिंग येथे बकिंगहॅमशरचा दुसरा अर्ल १७९३ साली वारला. त्याच्यासाठी आणि त्याच्या दोन पत्नींसाठी जोसेफ बोनोमी या वास्तुकाराने बागेत दगडी पिरॅमिड उभारला. त्यावेळच्या पूर्व प्रशियात, आज पोलंडमध्ये असलेल्या रापा या गावी, फारेनहाइड या सरदार घराण्याचा पिरॅमिड १८११ चा आहे. त्यात प्रथम ठेवली गेली ती घरातली तीन वर्षांची मुलगी. दलदलीच्या रानात ते विटांचे टोकदार घर अजून आहे. घराणे मात्र त्या प्रदेशातून कधीच नाहीसे झाले.

इथे एक प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. मिसरची ही आवड नेपोलियनमुळे युरोपात पसरली, असे सर्रास सांगितले जाते. रेमाँ वारला १७९८ मध्ये आणि नेपोलियन मिसरात उतरला तोही १७९८ मध्येच. मग हा स्तंभ त्या मोहिमेचा दूरचा पडसाद म्हणायचा काय? तारखा लावून पाहिल्या तर हा तर्क टिकत नाही. रेमाँ मार्चमध्ये गेला. नेपोलियनचे आरमार तुलाँ बंदरातून निघाले मे महिन्यात आणि अलेक्झांड्रियास पोहोचले जुलैच्या आरंभी. चिगींच्या कबरी तर त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीच्या. फ्रान्सपुरते बोलायचे तर राज्यक्रांतीच्या सुमारास तिथल्या शिल्पकारांना पिरॅमिड आणि ओबेलिस्क यांचे वेडच लागले होते. बुले या वास्तुकाराने कागदावर प्रचंड मिसरी थडगी रेखाटली होती. १७९२ च्या ऑगस्टमध्ये राजवाड्यावरील हल्ल्यात पडलेल्या नागरिकांसाठी पॅरिसच्या त्युइलरी बागेत पिरॅमिड उभा करून शोकसमारंभ झाला होता. या पसंतीमागे कारण होते. क्रांतीला मृतांचा गौरव तर करायचा होता, पण क्रूस नको होता. चर्चच्याही आधीचा, राजांच्याही आधीचा, कोणाच्याच मालकीचा नाही असा आकार हवा होता. मिसरने तो पुरवला.

रेमाँच्या पलटणी क्रांतीचे तिरंगी निशाण मिरवीत असत. हे ध्यानात घेतले की मूसीकाठच्या त्या टेकडीवर क्रूस का नाही, याचा उलगडा होऊ लागतो. मुसलमान राजाच्या चाकरीतला, ख्रिस्ती कुळात जन्मलेला, क्रांतीचे निशाण खांद्यावर घेतलेला हा माणूस होता. त्याच्या कबरीवर चर्चचे चिन्ह बसवणे अवघड आणि घुमट बसवणेही अवघड. राहिला तो हा आकार, जो कोणत्याच धर्माचा म्हणून ओळखू येत नाही.

हिंदुस्थानात परक्यांच्या कबरी नेहमीच अशा नव्हत्या, आणि हा फरक पाहण्यासारखा आहे. सुरतेस इंग्रजांच्या दफनभूमीत ऑक्झिंडन बंधूंची दुमजली कबर आहे. धाकटा ख्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला, थोरला सर जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज ऑक्झिंडन मराठी वाचकास अपरिचित नाही. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखार लढवणारा अध्यक्ष तोच. याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडन १६७४ साली वकील म्हणून रायगडी राज्याभिषेकास हजर होता. केंटमधल्या या खानदानी घराण्याची सुरतेची कबर कशी आहे? खांब, कमानी आणि वर घुमट. दुरून पाहणाऱ्यास ती एखाद्या मोगल उमरावाचा मकबरा वाटावी. सतराव्या शतकातला इंग्रज या देशात प्रतिष्ठित दिसू इच्छित होता, आणि इथली प्रतिष्ठा म्हणजे घुमट.

शंभर वर्षांनंतरचे कलकत्ता पाहा. १७६७ साली सुरू झालेल्या पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत पिरॅमिड आणि ओबेलिस्क यांची दाटी आहे. १७९४ साली वारलेल्या सर विल्यम जोन्सची कबर त्यांतली सर्वांत उंच. ज्याने संस्कृत आणि ग्रीक यांचे नाते जगास सांगितले, त्याच्या डोक्यावरही मिसरी सुळका आहे. प्लासीनंतरच्या इंग्रजास उमरावासारखे दिसण्याची गरज उरली नव्हती. इथल्या आकारांपासून वेगळे दिसणे हीच आता प्रतिष्ठा होती. कबरींच्या आकारावरून सत्तेचा कल इतका स्पष्ट वाचता येतो, की बखरीची गरज पडू नये.

हैदराबादचा स्तंभ या कलकत्त्याच्या पिकातला एक दाणा म्हणून बाजूला ठेवता आला असता. पण तसे करवत नाही. कलकत्त्याचे सुळके जेत्यांचे आहेत आणि आपल्या माणसांच्या गर्दीत आहेत. हैदराबादचा सुळका एकटा आहे, आणि ज्याच्यासाठी तो उभा आहे त्याचा पक्ष हरला आहे. शिवाय त्याच्या भोवती पुढे जे घडले ते कलकत्त्यास घडले नाही.

'मुस्यू रेमाँ' हे नाव हैदराबादच्या जिभेस पेलणारे नव्हते. लोकांनी त्याचे आपल्या सोयीने रूप केले. हिंदूंनी त्यास मूसाराम म्हटले, मुसलमानांनी मूसा रहीम. एकाच परदेशी नावाचे हे दोन तुकडे पाहिले की दख्खनेच्या स्वभावाची ओळख पटते. ज्याच्यावर दोन्ही धर्मांच्या शिपायांचे प्रेम होते, त्याची कबर मग नुसती कबर राहिली नाही. त्याच्या मृत्यूच्या तिथीस तिथे उरूस भरू लागला. दिवे लागले, ऊद जळला, त्याच्या जुन्या पलटणींचे वारसदार शिपाई सलामी द्यायला जमू लागले. निजामाच्या दरबारातून त्या दिवशी कबरीवर चिरूट आणि बिअरची बाटली पाठवली जाई, असेही सांगतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा उरूस चालू होता. मिसरच्या सूर्यमंदिराचा खांब रोममार्गे पॅरिसला गेला, तिथे धर्महीन शोकाचे चिन्ह बनला आणि हैदराबादेस पोहोचून एका पिराचे ठाणे झाला. इतक्या वेळा धर्म बदललेला दुसरा दगड आम्हांस माहीत नाही.

रेमाँच्या मागे घराणे नव्हते, हे इथे महत्त्वाचे. ज्या टेकडीवर ही कबर आहे तिच्या शेजारीच आसमानगढ आहे. तो बांधला आसमान जाह या पायगा उमरावाने, जो १८८७ पासून काही वर्षे संस्थानाचा दिवाण होता. पायगांचे घराणे निजामाखालोखाल. त्यांच्या जहागिरी आमच्या मराठवाड्यातल्या लोहारा-गुंजोटीपर्यंत पोहोचलेल्या. चारमिनारच्या आग्नेयेस पिसलबंड्याजवळ त्यांच्या कबरी आहेत. चुन्यातली नक्षी, संगमरवर आणि एकीसारखी दुसरी नाही अशा जाळ्या. तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिढ्यामागून पिढ्या निजल्या आहेत, आणि आधीच्या पिढीची कबर पुढच्या पिढीने सजवली आहे. घराण्याची कबर म्हणजे हेच. ती मृतापेक्षा वंशाची असते. चिगी काय, ब्लिकलिंगचा अर्ल काय, फारेनहाइड काय, त्यांनी मिसरी आकार घेतला तो वंश मिसरइतका टिकेल या हौसेने.

रेमाँच्या कबरीची दिवाबत्ती मात्र ज्यांनी केली ते त्याच्या रक्ताचे कोणी नव्हते. ते त्याचे शिपाई, आणि शिपायांची पोरेबाळे. त्याची फौज मोडल्यावर, त्याचा देश इथून हद्दपार झाल्यावर, इंग्रज रेसिडेंटाच्या नजरेसमोर त्यांनी जवळजवळ दीडशे वर्षे त्याची तिथी पाळली. वंशाने राखलेल्या कबरी आणि आठवणीने राखलेल्या कबरी यांत आम्हांस दुसऱ्या प्रकारच्या कबरी अधिक विश्वासार्ह वाटतात. वंशास कबर राखणे भाग असते. शिपायास ते कोणी सांगितलेले नसते.

ओबेलिस्कवर मिसरी लोक चारी बाजूंनी अक्षरे कोरीत. ती चित्रलिपी शांपोलियाँने १८२२ साली उलगडली. म्हणजे रोमपासून हैदराबादपर्यंत हा आकार ज्यांनी ज्यांनी उचलला, त्यांतल्या फार थोड्यांना त्यावरचे काही वाचता येत होते. रेमाँच्या स्तंभाच्या बाजू जवळपास कोऱ्या आहेत. कोरी पाटी असल्यामुळेच कदाचित ज्याला जे लिहायचे ते लिहिता आले. कोणी राम लिहिले, कोणी रहीम.

याच आकाराचा दुसरा एक स्तंभ प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. भीमा नदीकाठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचे स्मारक म्हणून कंपनी सरकारने १८२१ साली पायाभरणी केलेला सुमारे साठ फुटी दगडी ओबेलिस्क. ती कबर नव्हे. त्यावर मात्र मजकूर आहे, पडलेल्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांत महार शिपायांची नावे आहेत. कंपनीने तो आपल्या विजयासाठी उभारला. पण १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि तेव्हापासून तो कंपनीचा राहिला नाही. त्यावरची नावे ज्यांच्या पूर्वजांची, त्यांनी तो आपला केला. मराठवाड्यातूनही दरवर्षी माणसे भरभरून तिकडे जातात. दगड उभारणाऱ्याचा हेतू एक आणि दगडापुढे येणाऱ्याचा हेतू दुसरा. काळाच्या ओघात दुसऱ्याचाच टिकतो. हैदराबादेत तसे झाले, कोरेगावात तसे झाले. या दोन स्तंभांची तुलना आम्ही लढायांचा हिशेब मांडण्यासाठी करीत नाही. ज्यांची नावे इतिहासात सहसा येत नाहीत अशा शिपायांनी आणि त्यांच्या लेकरांनी एका परक्या आकाराचे काय केले, एवढेच आम्हांस दाखवायचे आहे.

आता पुन्हा खर्ड्याकडे येऊ. रेमाँच्या पलटणींत जे हजारो शिपाई होते ते फ्रेंच नव्हते. अधिकारी युरोपीय, बाकी सारी इथली भरती. निजामाच्या मुलखातली माणसे निजामाच्या पलटणीत जाणार, हे उघड आहे. त्या मुलखात नांदेड होते, बिलोली होती, आजचे धर्माबाद जिथे आहे तो गोदाकाठही होता. खर्ड्याच्या मैदानावर आमच्या गावाकडचा एखादा शिपाई उभा असलाच, तर तो कोणत्या निशाणाखाली उभा होता? शाळेत आम्ही ज्या 'आपण'मध्ये स्वतःस मोजून घेत होतो, त्या 'आपण'च्या समोरच्या बाजूस त्याचे उभे असणे अधिक संभवते. त्याने मराठीत शिव्या दिल्या असतील, मराठीत देवाचा धावा केला असेल, आणि समोरूनही त्याला मराठीतच उत्तर मिळाले असेल. निंबाळकर तर उघडच त्या बाजूस होते.

मराठवाड्याच्या इतिहासलेखनाची ही जुनी अडचण आहे. १९४८ चा मुक्तिसंग्राम आम्ही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्त आहे. रझाकारांचा काळ ज्या घरांनी सोसला त्यांना निजामी राजवटीचे कौतुक कोणी सांगू नये. पण त्या तेरा महिन्यांची सावली मागच्या सव्वादोनशे वर्षांवर पाडून ती सगळी 'त्यांची' वर्षे ठरवली, की आमचे पूर्वज कुठे होते हा प्रश्नच विचारता येत नाही. मग आम्ही पुण्याचा इतिहास आपला म्हणून पाठ करतो आणि हैदराबादला दवाखान्यापुरते किंवा लग्नाच्या खरेदीपुरते जाऊन येतो. मूसारामच्या उरुसास जमणाऱ्यांत आमच्या बोलीचे कोणीच नसेल, हे मानणे आम्हांस कठीण वाटते.

धर्माबादच्या परिसरात आणखी एक सीमा आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. महाराष्ट्र हा काळ्या बसाल्टचा देश. रायगड त्याचा, वेरूळ त्याचे, घाटावरची हेमाडपंती देवळे त्याची. हा दख्खनी थर नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे येता येता संपत जातो आणि त्याखालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट वर डोके काढतो. तो तसाच पुढे तेलंगणात पसरतो. हैदराबादच्या टेकड्या त्याच कुळातल्या. राज्याची सीमा माणसांनी १९५६ साली भाषेवरून आखली. दगडाची सीमा तिच्या अलीकडेच, आमच्या शिवारात आहे. शिवनेरी ज्या दगडाची आहे त्या दगडावरही आमचे घर आहे, आणि गोवळकोंडा ज्या दगडाचा आहे त्यावरही.

हैदराबाद मेट्रोच्या मियापूर–एल. बी. नगर मार्गावर सप्टेंबर २०१८ पासून मूसारामबाग नावाचे स्थानक आहे. गाडीत ते नाव पुकारले जाते, दारे उघडतात, माणसे उतरतात. ते नाव कोणा रामाचे असावे असे बहुतेकांना वाटते, आणि तसे वाटण्यात काही बिघडत नाही. कधी त्या बाजूस जाणे झाले, तर वाचकांनी तासभर काढून ती टेकडी चढावी. स्तंभावर वाचायला फक्त दोन अक्षरे आहेत. त्या दगडापुढे एकेकाळी दिवा लावणाऱ्यांची नावे कुठेच कोरलेली नाहीत. त्यांतले काही आपल्या गावाकडचे असू शकतील, एवढे मनात धरून तिथे क्षणभर उभे राहावे.